सफर : व्हर्साय पाहायचे, पण कोणाच्या सोबतीने?



या महिन्यात एकाच पत्राला सविस्तर उत्तर देत आहे, कारण हा प्रश्न आणखी बऱ्याच घरांत पडलेला असणार. रत्नागिरी जिल्ह्यातील एक भगिनी लिहितात की पती कुवेतला नोकरीस आहेत आणि वर्षातून एकदाच रजा मिळते. यंदा जूनमध्ये ते तिकडून आणि हे सर्व इकडून असे पॅरिसला भेटणार आहेत. सोबत १४ आणि ९ वर्षांची दोन मुले आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. व्हर्सायच्या राजवाड्यासाठी एक दिवस ठेवला आहे. बसची सहल घ्यावी, गाईड करावा, की आपले आपण जावे? सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या म्हणतात, "मला हॉटेलवरच सोडा, तुम्ही जाऊन या."

प्रथम सासूबाईंचे. त्यांना हॉटेलवर सोडू नका. राजवाड्यात लिफ्ट आहे, व्हीलचेअरची सोय आहे, बागेत छोटी आगगाडी फिरते. अडचण जागेची नाही, घाईची आहे. म्हणूनच सहल निवडताना पहिला प्रश्न "किती पैसे?" हा नसावा. "आमच्या चालीने कोण चालेल?" हा असावा.

पर्याय साधारण चार आहेत.

पहिला, पॅरिसहून निघणारी अर्ध्या दिवसाची बस. दारात उतरवते, दारातून परत आणते, स्टेशनचे जिने चढावे लागत नाहीत. हा फायदा खरा आहे. पण तीस-चाळीस माणसांच्या मागे एका झेंडीकडे बघत चालायचे, कोणी मागे राहिला तर गाईड थांबू शकत नाही. बाग बहुधा वरच्या ओट्यावरून दाखवून परत फिरवतात.

दुसरा, राजवाड्याच्या प्रशासनाची स्वतःची गाईडसह फेरी. ही सुमारे दीड तासाची असते आणि राजाच्या खासगी खोल्यांसारख्या एरवी बंद असलेल्या भागात नेते. अधिकृत संकेतस्थळावर आधी नोंदणी करावी लागते आणि इंग्रजी फेऱ्यांच्या जागा लवकर भरतात. इतिहासाची गोडी असलेल्यांना याहून चांगले काही नाही. पण दीड तास बहुतेक उभेच राहावे लागते.

तिसरा, स्वतःच्या कुटुंबापुरता गाईड. फ्रान्समध्ये 'गिद-कॉन्फेरॉन्सिए' हे सरकारमान्य ओळखपत्र असलेले गाईड असतात. नोंदणी करताना ते आहे का, हे जरूर विचारा. हा पर्याय महाग वाटतो, पण हिशेब नीट करा. बसचे पैसे माणशी असतात, या गाईडचे बहुधा संपूर्ण गटाचे. पाच जणांत वाटले की फरक बराच कमी होतो. शिवाय १८ वर्षांखालील मुलांना राजवाड्यात प्रवेश मोफत आहे. मुलांच्या "तिकिटाचे" पैसे कोणी लावत असेल, तर ते कशाचे हे विचारा.

चौथा, गाईडशिवाय. राजवाड्याचे मोबाइल ॲप आहे, वेळेचे तिकीट आधी काढायचे आणि आपल्या गतीने फिरायचे. हातात पैसे बेताचे असतील तर वयस्कर माणसांसाठी मोठ्या गटापेक्षा हेच बरे.

कुठलाही पर्याय घ्या, "रांग चुकवा" अशा जाहिरातीला भुलू नका. तिकिटाची रांग चुकते, सुरक्षा तपासणी कोणालाच चुकत नाही.

आता दिवस. सोमवारी राजवाडा बंद. मंगळवारी पॅरिसचे लूव्र संग्रहालय बंद, म्हणून ती सगळी गर्दी व्हर्सायला लोटते. शनिवार-रविवारी पॅरिसकरच येतात. एप्रिल ते ऑक्टोबरदरम्यान ठरावीक दिवशी, विशेषतः शनिवार-रविवारी, संगीतावर कारंजी चालतात आणि त्या दिवशी बागेलाही वेगळे तिकीट लागते. कारंजी की मोकळीक, हे आधी ठरवा. या कुटुंबाला मी बुधवार किंवा गुरुवारची सकाळ सुचवीन. शुक्रवार मोकळा ठेवा. मुसाफिरावर जुमा फर्ज नसला, तरी १९२६ साली सुरू झालेली पॅरिसची मोठी मशीद मुलांना दाखवण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी प्राण दिलेल्या मुस्लिम सैनिकांची आठवण तिच्या उभारणीमागे आहे.

नमाजची चिंता जूनमध्ये फारशी नाही. तिथे त्या दिवसांत जुहर दुपारी दोनच्या सुमारास लागते आणि असर संध्याकाळी सहाच्या सुमारास. नऊ-साडेनऊला आत गेलात तर दुपारी परतून मुक्कामी निवांत कसर पढता येते. हिवाळ्यात मात्र दिवस फार लहान असतो. डिसेंबरात जुहर एकच्या सुमारास लागते आणि शाफई वेळेप्रमाणे तीनच्या आत असर होते. तेव्हा दोन नमाजा जमा करण्याबाबत आपापल्या मसलकाप्रमाणे आधीच ठरवून निघावे. जेवणाचे म्हणाल तर डबा सोबत घ्या. आखीव बागेत जेवायला बसू देत नाहीत, पण मोठ्या कालव्याकडच्या मोकळ्या पार्कात चालते.

आणखी एक गोष्ट आधी सांगून ठेवते. बागेत आणि छतांवर उघड्या अंगाच्या ग्रीक-रोमन देवतांचे पुतळे आणि चित्रे जागोजागी आहेत. मुलांना ते अचानक दिसण्यापेक्षा घरीच दोन शब्द बोलून न्यावे.

आता गाईड कशासाठी घ्यायचा, तेही पाहू. आरसेमहालाची लांबी ७३ मीटर, त्यात ३५७ आरसे, ही माहिती कुठल्याही पुस्तिकेत मिळते. चांगला गाईड झगमगाटामागची किंमत सांगतो. चौदाव्या लुईने १६८२ साली दरबार इथे हलवला. बागेला कारंजी हवीत, पण इथे पाणी नव्हते. मग सीन नदीवर मार्ली येथे चौदा प्रचंड चाकांचे यंत्र बसवले. तेही पुरेना, म्हणून दूरच्या यूर नदीचे पाणी कालव्याने आणण्याचे काम हजारो सैनिकांच्या अंगावर टाकले. तापाच्या साथीत त्यांतले कित्येक मेले. १६८८ मध्ये युद्ध लागले, काम थांबले आणि ते पाणी व्हर्सायला कधीच पोहोचले नाही. एवढे करून सगळी कारंजी एकाच वेळी चालवता येत नसत. राजा फिरायला निघाला की कामगार शिट्टी वाजवून एकमेकांना इशारा देत. राजा समोर आला की कारंजे सुरू, पुढे गेला की बंद. इसराफ म्हणजे काय, हे मुलांना समजवायला याहून स्पष्ट उदाहरण मला सुचत नाही.

दुसरी गोष्ट आपल्याकडची आहे. मोठ्या दालनांच्या फेरीत हर्क्युलिसचे दालन लागते. १० ऑगस्ट १७८८ रोजी याच दालनात सोळाव्या लुईने टिपू सुलतानच्या तीन वकिलांना भेट दिली. मुहम्मद दरवेश खान, अकबर अली खान आणि मुहम्मद उस्मान खान अशी त्यांची नावे. ते आदल्या वर्षी पाँडिचेरीहून निघून समुद्रमार्गे आले होते. त्यांना इंग्रजांविरुद्ध फ्रान्सची साथ हवी होती आणि म्हैसूरसाठी कारागीरही हवे होते. त्यांना पाहायला पॅरिसमध्ये गर्दी लोटली. राणीची आवडती चित्रकार व्हिजे ल ब्रून हिने दरवेश खान यांचे चित्र काढले. आदरसत्कार झाला, भेटी मिळाल्या, पण लष्करी मदत मिळाली नाही. मिळणार तरी कुठून? त्या दरबारानंतर सहाच दिवसांनी, १६ ऑगस्टला, फ्रान्सच्या खजिन्याने देणी थांबवली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या बायका भाकरीसाठी चालत या राजवाड्यावर आल्या आणि राजाला कुटुंबासह कायमचे घेऊन गेल्या.

ही हकीकत बहुतेक गाईड आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांच्यासमोरच्या पाहुण्यांना तिच्यात रस नसतो. म्हणून नोंदणी करतानाच लिहा की टिपू सुलतानच्या वकिलांचा दरबार आणि पाण्याची व्यवस्था, या दोन गोष्टी आम्हाला ऐकायच्या आहेत. येणारे उत्तर वाचूनच तुम्हाला कळेल की हा माणूस घोकलेले बोलणारा आहे की अभ्यास केलेला.

तेव्हा माझा सल्ला असा. कुटुंबापुरता गाईड, तोही राजवाड्याच्या आतल्या दोनच तासांसाठी, सकाळच्या पहिल्या वेळेला. जाताना टॅक्सी, कारण उपनगरी गाडीच्या स्टेशनांवर जिने आहेत आणि राजवाड्याच्या अंगणातली दगडी फरसबंदी दुखऱ्या गुडघ्यांना त्रास देते. गाईड गेल्यावर छोट्या आगगाडीने कालव्याकडे जा आणि सावलीत डबा उघडा. मारी आंत्वानेतची खेडेवजा वाडी आणि त्रियानोंचे महाल या खेपेला राहू द्या. ते दुपारी बारानंतर उघडतात आणि तिथवर पोहोचेपर्यंत सगळेच थकलेले असतील.

पैसे भरण्यापूर्वी मात्र लेखी उत्तरे घ्या. गटात किती माणसे? भाषा कोणती? राजवाड्याचे तिकीट धरले आहे का, आणि बागेचे? व्हीलचेअर असल्यास प्रवेश कुठून? मध्ये बसायला थांबणार का? कार्यक्रम रद्द झाला तर पैसे किती परत? यातल्या थांबण्याच्या प्रश्नाला जो नीट उत्तर देईल, त्याच्याकडेच नोंदणी करा. वर्षभराने घर एकत्र येते आहे, तर अम्मींनीही सगळे पाहिले पाहिजे.

अल्लाह आपला सफर आसान करो. पुढील महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.