प्रादेशिक भूगोल हवाच, पण कसा?

महाविद्यालयात एखाद्या खंडाचा प्रादेशिक भूगोल शिकवावाच कशाला, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. उपग्रहचित्रे आणि संगणकीय नकाशे हाताशी असताना ‘स्थान, विस्तार, प्राकृतिक रचना, हवामान, पिके, खनिजे’ ही ठरीव उतरंड पाठ करून काय साधते, हा आक्षेप खोटा नाही. तो नवाही नाही. प्रदेशांचे आकलन हाच भूगोलाचा गाभा, असे रिचर्ड हार्टशॉर्न यांनी १९३९ साली ठामपणे मांडले होते. प्रत्येक प्रदेशाचे वेगळेपण वर्णन करत बसणे म्हणजे शास्त्र नव्हे, अशी टीका फ्रेड शेफर यांनी १९५३ साली त्यावर केली. तेव्हापासून हा विषय बचावाच्या पवित्र्यातच आहे.

आम्ही भूगोलाचे नव्हे, मराठीचे अध्यापक आहोत. तरीही या विषयाची बाजू घ्यावीशी वाटते. मात्र ती आज तो ज्या पद्धतीने शिकवला जातो, त्या पद्धतीची नव्हे.

पश्चिम आफ्रिकेचे उदाहरण घेऊ. गिनीच्या आखाताकडून सहाराकडे जाताना पाऊस क्रमाने कमी होत जातो. आक्राच्या आसपासच्या कोरड्या टापूसारखे अपवाद सोडले तर किनाऱ्याकडे पर्जन्यवने, कोको आणि तेलमाड. त्यापुढे कंदांचा मुलूख. मग गवताळ प्रदेशातील ज्वारी. आणि वाळवंटाच्या कडेला साहेलमध्ये बाजरी व गुरे. हे पट्टे पूर्व-पश्चिम पसरलेले आहेत. घाना, टोगो, बेनिन हे देश मात्र दक्षिणोत्तर उभे आहेत. असे का? युरोपीय सत्ता किनाऱ्यावर उतरल्या आणि १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेच्या आगेमागे तेथून आत सरकत गेल्या. त्यामुळे सरहद्दी निसर्गाच्या पट्ट्यांना आडव्या छेदून गेल्या. प्रत्येक देशाच्या वाट्याला एक ओली दक्षिण आणि एक कोरडी उत्तर आली. सहारा ओलांडणाऱ्या व्यापारामुळे एके काळी टिंबक्टू आणि कानो ही आतली शहरे भरभराटीस आली होती. व्यापार समुद्राकडे वळल्यावर बंदरे वाढली. नायजेरियाच्या राजकारणातील उत्तर-दक्षिण तणाव समजून घेताना धर्म आणि भाषा यांच्याबरोबर हा नकाशाही समोर असावा लागतो.

आता आपल्या अभ्यासक्रमातील ‘पश्चिम आफ्रिकेतील कोको उत्पादन: टीप लिहा’ हा प्रश्न पाहावा. त्यात पाऊस आहे, माती आहे, टनांचे आकडे आहेत. फक्त त्यांचा परस्परांशी संबंध नाही. प्रदेश म्हणजे या संबंधांचेच नाव आहे. तो संबंध गाळून जे उरते ते कोष्टक, आणि कोष्टकासाठी अध्यापकाची गरज नाही, हे विरोधकांचे म्हणणे मग मान्यच करावे लागते.

नवी साधने ही उणीव भरून काढतील असेही नाही. दक्षिण नायजरमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे पन्नास लाख हेक्टर क्षेत्रावर झाडे पुन्हा वाढली. उपग्रह ती हिरवाई दाखवतो. ती शेतकऱ्यांनी शेतातील जुन्या खुंटांचे धुमारे न छाटता जपल्यामुळे आली, आणि शेतातले झाड सरकारचे नसून आपले आहे ही भावना रुजल्याने टिकली, हे मात्र तो सांगत नाही. त्यासाठी तो मुलूख, तेथला दुष्काळ आणि तेथला कायदा एकत्र अभ्यासावे लागतात.

साहित्याच्या वर्गातही याचा प्रत्यय येतो. चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) ही कादंबरी अनेक ठिकाणी अभ्यासली जाते. तीतला यॅम म्हणजे कोनफळाच्या कुळातला एक कंद, एवढ्या तळटीपेवर विद्यार्थ्याची बोळवण होते. परंतु इग्बो समाजात पुरुषाची प्रतिष्ठा, लागवडीपूर्वीचा शांततेचा आठवडा, नव्या पिकाचा सण हे सारे त्या कंदाभोवती आणि पावसाच्या वेळापत्रकाभोवती फिरते. कोरडा हरमॅटन वारा हा तेथील ऋतुचक्राचा भाग आहे, प्रतिमा म्हणून आणलेला नाही. भूमीच ठाऊक नसलेला वाचक मग तिच्यावरच्या माणसांना ‘विचित्र चालीरीतींचे लोक’ ठरवून मोकळा होतो. हा धोका आम्हांला परीक्षेतील गुणांपेक्षा मोठा वाटतो. ज्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीला आपण अस्सल गावरान म्हणतो, ती दोन्ही धान्ये मुळात आफ्रिकेतली, हे कळले तरी तो परकेपणा थोडा कमी होईल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. एका सत्रात अख्खा खंड उरकण्याचा अट्टहास सोडावा. दोन-तीन प्रदेश निवडून ते इतिहास, शेती आणि साहित्य यांसह नीट शिकवावेत, आणि परीक्षेत टिपेऐवजी विचारावे: टोगो दक्षिणोत्तर लांब का, आणि त्याचे तेथील माणसांवर काय परिणाम झाले?