दगडाची गवाही

उर्दूत भूगर्भशास्त्राला ‘अर्ज़ियात’ म्हणतात. अर्ज़ म्हणजे जमीन. वर्गात हा शब्द आला की मुले हमखास विचारतात, ‘दगडधोंड्यांचा अभ्यास करून काय मिळते?’ प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर द्यायला आम्हाला आपल्या बुलढाणा जिल्ह्याबाहेर फारसे जावे लागत नाही.

खामगावकरांना दगडाची गवाही नवी नाही. आपल्या गावची चांदी दूरवर प्रसिद्ध आहे. सराफाकडे कसोटीचा काळा दगड असतो. त्यावर दागिना घासला की खरे-खोटे समोर येते. गुन्ह्याच्या तपासात मातीचा उपयोग झाल्याची एक जुनी हकिकतही चांदीचीच आहे. १८५६ साली प्रशियात, म्हणजे आजच्या जर्मनीकडे, रेल्वेने पाठवलेल्या पिंपांतून चांदीची नाणी गायब झाली आणि आत नुसती वाळू निघाली. एहरेनबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाने त्या मार्गावरच्या स्टेशनांजवळची वाळू मागवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पिंपातल्या वाळूशी ताडून पाहिली. चोरी कोणत्या स्टेशनावर झाली, ते वाळूने सांगितले.

असाच एक मोठा तपास आपल्या लोणारचा. अबुल फज़लने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारची नोंद घेतली आहे. काच आणि साबण बनवायला लागणारा माल इथे मिळतो, असे त्याने लिहिले. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या खड्ड्याकडे लक्ष वेधले. पण सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल असा हा गोल खड्डा झाला कशाने? सभोवार सगळा ज्वालामुखीचा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. साहजिकच कित्येक वर्षे संशय ज्वालामुखीवरच होता.

उलगडा खोल खडकातून झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तळाला छिद्रे पाडून खडक वर काढले, आणि १९७३ साली निष्कर्ष जाहीर केला. त्या खडकांत ‘मॅस्केलिनाइट’ होते. काळ्या पाषाणात फेल्डस्पार नावाचे खनिज असते. त्यावर क्षणार्धात प्रचंड दाब आला, तर त्याची आतली स्फटिकरचना मोडून त्याची काच होते, बाहेरचा आकार मात्र तसाच राहतो. ज्वालामुखीत उष्णता असते, पण असा धक्का नसतो. तेव्हा आरोपी जमिनीतून नव्हे, आकाशातून आला होता. तो उल्कापिंड होता. विशेष म्हणजे, हे खनिज जगात पहिल्यांदा ओळखले गेले ते १८७२ साली, बिहारमध्ये शेरघाटी इथे १८६५ साली पडलेल्या उल्केत.

हा आघात कधी झाला, यावर मात्र दोन बयाने आहेत. एका पद्धतीने वय सुमारे ५२ हजार वर्षे निघते, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. दोन गवाहांचे जमत नसेल तर चांगला काझी घाईने फैसला देत नाही. शास्त्रज्ञही तसेच, ते पुन्हा नमुने तपासतात.

ही घाई न करण्याची सवय किती मोलाची आहे, ते आपण शेजारच्या शेगाव तालुक्यात पाहिले. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये जिल्ह्यातील १८ गावांत २७९ जणांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडले. कोणी पाण्यावर संशय घेतला, कोणी बुरशीवर, कोणी शाम्पूवर. तोवर त्या गावांतल्या मुलींचे कॉलेज सुटले, ठरलेली लग्ने मोडली, अशा बातम्या आल्या. ज्या घरांत हे घडले, त्या घरांतल्या अम्मी-अब्बांवर काय गुजरली असेल!

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, नमुने घेतले गेले. विंचूदंशावरील उपचारासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतंत्र तपास केला. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम फार वाढलेले आहे, असे त्यांनी सांगितले. त्यांचा रोख रेशनवर आलेल्या पंजाब-हरियाणाकडच्या गव्हावर होता. त्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले, मर्यादा मात्र १.९ ची, असा त्यांचा अहवाल होता.

सेलेनियम हे खनिज द्रव्य शरीराला अगदी किंचित लागते. जास्त झाले की केस आणि नखे जातात. शिवालिक डोंगरातल्या खडकांतून ते पावसाच्या पाण्याबरोबर पायथ्याच्या मातीत उतरते. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर भागातली काही जमीन त्यासाठी शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक आहे. मातीतून ते गव्हात, गव्हातून पोळीत. म्हणजे डॉ. बावस्करांचा अहवाल धरून चालले, तर शेकडो कोस दूरचा एक डोंगर आपल्या शेगावच्या ताटात येऊन बसला होता. आणि आजाराचा संसर्गाशी संबंध नसेल, तर लग्न मोडण्याला कसलाच आधार उरत नाही. त्या मुलींनी मात्र ते निमूट सोसले.

म्हणून आमचे पालकांना तीन सांगणे आहे. पहिले, असे काही कानावर आले तर मोबाईलवर पुढे ढकलण्याआधी तपासणीचा निकाल येऊ द्या, आणि आजारी घराशी उठबस सोडू नका. दुसरे, सुट्टीत मुलांना मेहकरमार्गे लोणारला न्या, पण तिथला दगड खिशात घालून आणू देऊ नका. जागेवरून हलवलेला पुरावा निम्मा मेलेला असतो.

तिसरे सांगणे बारावी सायन्सच्या मुला-मुलींसाठी. भूगर्भशास्त्राचे विभाग अमरावती आणि नागपूरच्या विद्यापीठांत आहेत. न्यायवैद्यक विज्ञानाची शासकीय संस्था नागपूर आणि औरंगाबादला आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची भरती केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होते. ‘मुलगी डोंगरात दगड फोडत हिंडणार का?’ असे काही घरांत विचारले जाते. हिंडू द्या. शेगावच्या मुलींसाठी गव्हाचा, मातीचा, पाण्याचा हिशेब मांडायला कोणीतरी हिंडावेच लागले होते.