केळीची बाग आणि मंडळाचा तापमापक

पौषातल्या एखाद्या पहाटे धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातील पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरला, की पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे ती बातमी हौसेने छापतात. सोबत शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचे छायाचित्रही असते. त्याच पहाटे रावेर, यावल, चोपडा आणि शिरपूरच्या केळीबागांत काय घडले, हे मात्र कित्येक महिन्यांनी कळते, आणि तेही बाजारभावाच्या रकान्यात, 'माल हलका' एवढ्या दोन शब्दांत.

केळ हे मुळात उष्ण आणि दमट प्रदेशातले झाड. तापीकाठाने ते आपलेसे केले ते खोल गाळाच्या जमिनीच्या आणि विहिरींच्या पाण्याच्या बळावर. इथल्या हवेने त्याला कधीच पुरते आपले म्हटले नाही. उबदार दिवसांत आठवड्या-दहा दिवसांनी नवे पान उलगडणारे हे झाड पारा दहा-बारा अंशांखाली गेला की थबकते. मुळांचे काम मंदावते, पाने पिवळी पडतात आणि नेमकी याच दिवसांत निसवण आली तर घड खांबाच्या गळ्यातच अडकून राहतो. आधी बाहेर पडलेल्या फळांच्या सालीखाली तपकिरी रेषा उमटतात आणि पिकल्यावरही त्यांना पिवळाधमक रंग येत नाही. शेतकरी याला 'चरका बसला' असे म्हणतो. त्यानंतर पाचच महिन्यांत भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. मग तीच रुंद पाने कडेने करपतात, झाडाला पाणी पुरेनासे होते आणि भरत आलेले घड दांड्यापासून निसटून जमिनीवर येतात. त्यातूनही जे उरते ते वळवाच्या वाऱ्याच्या तोंडी सापडते. केळीच्या खांबात लाकूड नसते. एकमेकांवर गुंडाळलेल्या पानांच्या देठांचाच तो खांब, आणि त्यावर वीस-पंचवीस किलोंचे ओझे लोंबकळत असते. अर्ध्या तासाच्या वादळात वर्षभराची बाग आडवी होते ती यामुळे. मृगबागेचे घड ऐन वैशाखात या तडाख्यात सापडतात, तर कांदेबागेची कोवळी रोपे थंडीच्या.

यावरचे उपाय कोणाला ठाऊक नाहीत असे नाही. बागेभोवती शेवरीची किंवा उंच गवताची दाट ताटी लावावी, थंडीत रात्रीचे पाणी द्यावे, घडांना पिशव्या घालाव्यात, जमिनीवर पाचटाचे आच्छादन करावे, हे जळगावचे केळी संशोधन केंद्र वर्षानुवर्षे सांगत आले आहे. परंतु रात्रीच्या पाण्याला रात्रीची वीज लागते, पिशवीला पैसा लागतो, आणि ताटीसाठी बांधालगतची जमीन सोडावी लागते. वीस एकरवाल्याला ती सोडता येते, दीड एकरवाल्याला येत नाही. थंडी दोघांनाही सारखीच असते, पण चरका दोघांना सारखा बसत नाही.

आपल्या चळवळीत केळी म्हटली की बागायतदार आणि बागायतदार म्हटला की धनिक, असा एक सोयीचा समज रूढ आहे. त्यापायी या प्रश्नाकडे आपण पाठ फिरवली, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. दोन-अडीच एकरांत कर्ज काढून उतिसंवर्धित रोपे लावणारे असंख्य शेतकरी रावेर-यावलमध्ये आहेत. २०२० नंतरच्या पावसाळ्यांत मावा किडीने पसरवलेल्या कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे त्यांच्यापैकी अनेकांना लावलेली रोपे स्वतःच्या हातांनी उपटून फेकावी लागली. ढगाळ हवा आणि लांबलेली झड या रोगाला पोषक ठरते. 'हरण्या' म्हणून खानदेशाला तो जुन्या ओळखीचा आहे.

सरकारचे उत्तर आहे हवामानावर आधारित फळपीक विमा. कल्पना वाईट नाही. बागेत जाऊन नुकसान मोजण्याऐवजी महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राने हवा मोजावी, किमान तापमान सलग तीन दिवस आठ अंशांवर किंवा त्याखाली राहिले, अथवा वारा ताशी चाळीस किलोमीटरच्या वर गेला, की भरपाई द्यावी, अशी तिची रचना आहे. पण झाडाची वाढ आठ अंशांच्या पुष्कळ आधी थांबते, आणि चौथ्या गावातल्या केंद्रापाशी वारा कसा होता यावरून आपल्या बागेची दैना ठरते. दोन रात्री सात अंश आणि तिसऱ्या रात्री साडेआठ, असे झाले तर कागदावर थंडी पडलीच नाही! २०२० साली हे निकष अधिक कडक करण्यात आले, तेव्हा जळगाव जिल्ह्यात असंतोष उसळला आणि पुढे सरकारला माघार घ्यावी लागली. निकष हा निसर्गाने घालून दिलेला नियम नसून तो माणसांनी लिहिलेला आणि माणसांनी बदलता येणारा मजकूर आहे, हे त्या वेळी सिद्ध झाले. वादळी वाऱ्याचे नुकसान ७२ तासांत कळवायचे, हीही त्यातलीच एक अट. वादळाने गावाची वीज तोडलेली, भ्रमणध्वनी बंद पडलेले, आणि शेतकऱ्याने मात्र वेळ पाळायची!

निमबटाईने बाग करणाऱ्याचे नाव तर या कागदांत येतच नाही. नोंदणीकृत करार दाखवा, असे त्याला सांगितले जाते, आणि जमीनमालक करार नोंदवून देत नाही. घड कापणारा, डोक्यावरून बांधापर्यंत वाहून नेणारा मजूर त्याच्याही पलीकडे. सातपुड्यातून उतरणारा पावरा, बारेला, तडवी मजूर आडव्या झालेल्या बागेत काय कापणार? बागेला विमा आहे, पण त्याच्या बुडालेल्या मजुरीला नाही. याच यावल तालुक्यातील फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. तिथे मंजूर झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात शेतमजुराला जगण्यापुरते वेतन मिळण्याची तरतूद मागितली होती. त्याला नव्वदीच्या घरात वर्षे लोटली.

आणि या साऱ्याच्या बुडाशी पाणी आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो पट्टा आहे तो डोंगरातले ओढे पिऊन खालच्या गाळाला पाणी पुरवतो. त्या पाण्यावर केळी उभी राहिली आणि त्याच पाण्याचा उपसा इतका झाला, की केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनांत रावेर व यावल हे तालुके अतिशोषित ठरले. ठिबकने पाणी वाचले हे खरे, परंतु वाचलेल्या पाण्यावर आणखी बागा लागल्या. ज्याच्याकडे पैसा तो कूपनलिका शेकडो फूट खाली नेतो, आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. हवा तापत जाईल तशी केळीची तहानही वाढत जाणार. शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून आणि बंधारे बांधून पाणी मुरवण्याचा प्रयोग झाला, त्याची देशभर वाहवा झाली आणि त्यावर टीकाही झाली. मुरलेले पाणी कोणी किती उपसायचे, हा प्रश्न मात्र तिथेही खोदकामाने सुटला नाही.

रावेर, यावल आणि शिरपूरच्या कार्यकर्त्यांनी या हिवाळ्याआधी एक काम हाती घ्यावे. आपल्या मंडळातील हवामान केंद्र कोठे आहे, ते उघड्यावर आहे की भिंतीच्या आडोशाला, त्याच्या रोजच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर का लागत नाहीत, हे ग्रामसभेत विचारावे. गावात साधा तापमापक टांगून पहाटेचा पारा वहीत लिहून ठेवावा. आणि त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर, त्या आठवड्यात किती मजूर कामावाचून परत गेले, तो आकडा लिहावा.