छोट्या कॅम्परलाही ब्रेक हवेत
घडी उघडली की तंबू होणारा छोटा पॉप-अप कॅम्पर गाडीमागे जोडताना ‘एवढ्याशाला ब्रेक कशाला?’ असं अमेरिकेत अनेकांना वाटतं. कायद्याचं उत्तर राज्यागणिक बदलतं: कॅलिफोर्नियात 1,500 पौंड, म्हणजे सुमारे 680 किलो वजनापासून ब्रेक सक्तीचे, अनेक राज्यांत ही मर्यादा 3,000 पौंड आहे. पण विचार करायचा तो रिकाम्या कॅम्परचा नव्हे, भरलेल्याचा. टाकीत 75 लिटर पाणी घेतलं की 75 किलो वाढले. वर गॅस सिलिंडर, बॅटरी, शेगडी, अंथरुणं. म्हणून आधी सगळं सामान भरून कॅम्पर वजनकाट्यावर न्यावा, मग ठरवावं. गाडीच्या पुस्तिकेत बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा दिली असेल आणि ती कायद्याहून कडक असेल, तर तीच पाळावी. खरी परीक्षा मात्र घाटात होते. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातून टायोगा खिंड ओलांडून ली व्हायनिंगकडे जाताना रस्ता सुमारे 3,000 फूट खाली उतरतो. तिथे मागचं सगळं वजन गाडीच्याच ब्रेकवर येतं. ते तापले की पकड सैल होते. खालच्या गिअरचा आधार असतो खरा, पण वळणावर अचानक हरीण आडवं आलं तर तो पुरत नाही. अ‍ॅक्सलवर ब्रेकसाठी फ्लँज असेल, तर इलेक्ट्रिक ब्रेक, गाडीत कंट्रोलर आणि जोड तुटल्यास ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारा स्विच, एवढं काम चांगला ट्रेलर-मेकॅनिक सहज करतो. डोंगरात जाणार असाल, गाडीत मुलं असतील, तर कायदा काहीही म्हणो, 600 किलोच्या कॅम्परलाही मी ते बसवायलाच सांगेन.