टोपणनाव : डेव्हिल

दोस्तांनो, टिळकांचं नाव काढलं की डोळ्यांसमोर काय येतं? पगडी, झुपकेदार मिश्या, खांद्यावर उपरणं आणि कपाळावर आठी. तसबिरीतले टिळक कधी हसतच नाहीत! आणि शेंगांच्या टरफलांची गोष्ट? ती तर तुम्हाला तोंडपाठ. दर एक ऑगस्टला कुणीतरी हातवारे करत ती म्हणतंच. तेव्हा आज टरफलं बाजूला ठेवू. आज भेटू या त्या टिळकांना, ज्यांना कॉलेजातले सोबती 'डेव्हिल' म्हणायचे. डेव्हिल म्हणजे सैतान, हे काय सांगायला हवं?

साल १८७३. टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. वय अवघं सोळा. आई लहानपणीच गेलेली, वडील आदल्याच वर्षी गेले. आणि अंगकाठी? अगदी पाप्याचं पितर! गडी मनाशी म्हणाला, आधी शरीर कमवायचं, पुस्तकं काय पळून जात नाहीत. मग सुरू झालं. तालीम, कुस्ती, पोहणं, होडी वल्हवणं. कॉलेज येरवड्याला, मुळा-मुठा नदी जवळच, त्यामुळे सोय झकास. वर्षभर हाच अभ्यास! शेवटी परीक्षेत व्हायचं तेच झालं, वर्ष बुडालं. (हे वाक्य आईबाबांना मोठ्यानं वाचून दाखवू नका!) पण शरीर मात्र असं कमावलं की ते पुढे मंडालेच्या तुरुंगातही उपयोगी पडलं.

आता अंगात ताकद आली की ती कुठेतरी बाहेर पडणारच. टिळकांची वसतिगृहातल्या नाजूकसाजूक मुलांवर भारी नजर. काही मुलं सारखी कसली कसली विलायती औषधं घेत. आज पोटासाठी, उद्या डोकं दुखतं म्हणून, परवा शक्ती यावी म्हणून. टिळक खोलीत शिरत, बाटल्या उचलत आणि सरळ खिडकीबाहेर! वर म्हणत, चल माझ्याबरोबर तालमीत, औषधाचं नाव काढणार नाहीस. एकाला म्हणे बिछान्यावर फुलं पसरून झोपायची हौस होती. त्याच्या फुलांचं काय झालं असेल, ते तुम्हीच ओळखा. मग मुलं शहाणी झाली. अभ्यास आहे म्हणून दार आतून लावून बसू लागली. पण दार बंद असलं म्हणून काय झालं? खिडकी होती ना! स्वारी खिडकीतून आत हजर.

खरं सांगू? बाटल्या फेकायचा प्रकार मला काही फारसा पटत नाही. एखादा बिचारा खरोखरच आजारी असेल तर? पण गंमत अशी, की ज्यांच्या दारा-खिडक्यांवर हल्ले झाले, तेच रात्री गप्पा मारायला टिळकांच्या खोलीत जमायचे. मनात येईल ते तोंडावर बोलायची टिळकांची सवय, म्हणून 'डेव्हिल'च्या जोडीला आणखी एक नाव पडलं, 'मिस्टर ब्लंट'. म्हणजे आपल्या भाषेत फटकळराव! पुढे १९२० साली टिळक गेले. त्यानंतर स. वि. बापट यांनी खूप जणांकडून टिळकांच्या आठवणी आणि आख्यायिका गोळा केल्या. त्यांचे तीन जाडजूड खंड झाले. तोवर टिळकांच्या वयाचे लोक साठी ओलांडून गेले होते.

पण एका दोस्ताची गोष्ट सांगायलाच हवी. तो या बाटलीफेकीच्या दंग्यानंतर भेटला. गोपाळ गणेश आगरकर. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा. वयानं टिळकांपेक्षा फक्त नऊ दिवसांनी मोठा! घरची गरिबी इतकी, की एकच सदरा रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा. १८७९ साली टिळक वकिलीचा अभ्यास करत होते, आगरकर एम. ए.चा. दोघांची गट्टी जमली. कॉलेजजवळच्या टेकडीवर जायचं, रात्र रात्र बोलायचं आणि कडाकडा भांडायचं. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, हे ठरलं ते तिथंच. आणि खरंच काढली! विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. पुढच्याच वर्षी 'केसरी' आणि 'मराठा' ही दोन वर्तमानपत्रं.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी? तुरुंग! कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध काही पत्रं छापली, ती बनावट ठरली आणि खटला झाला. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार चार महिन्यांची शिक्षा झाली. रवानगी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात. टिळकांचा सव्विसावा वाढदिवस तिथंच उजाडला. पुढे आगरकरांनी या दिवसांवर एक छोटं पुस्तक लिहिलं, 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस'. जमलं तर मिळवून वाचा. तुरुंगातले हाल त्यात आहेतच. पण मला आवडते ती रात्रीची गोष्ट. दोघं कोठडीत बसून कॉलेजच्या दिवसांबद्दल बोलायचे, टेकडीवरच्या त्या बेतांची उजळणी करायचे. बोलता बोलता वाद, वादात आवाज चढलेला. इतका, की पहाऱ्यावरच्या शिपायांना मधे पडून गप्प करावं लागे! विचार करा, दोन संपादक, एका शाळेचे दोन मास्तर, तुरुंगात बसलेले, आणि रखवालदार सांगतोय, गडबड करू नका! तुमच्या वर्गात मागच्या बाकावर याहून वेगळं काय घडतं?

२६ ऑक्टोबरला दोघं सुटले. बाहेर लोकांनी जंगी स्वागत केलं.

यापुढचा भाग लहान मुलांच्या पुस्तकांत सहसा नसतो. पण तुम्ही आता एवढे लहान नाही. हे दोन दोस्त पुढे भांडले. टेकडीवरच्यासारखं लुटुपुटीचं नाही, खरंखुरं. आगरकर म्हणत, आधी आपल्या समाजातल्या वाईट रूढी सुधारू. टिळक म्हणत, आधी परक्यांचं राज्य जाऊ दे. त्यातून संस्थेतले मतभेद. आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ साली स्वतःचं 'सुधारक' काढलं. १८९० साली टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. दोघं एकाच गावात राहून एकमेकांवर छापून टीका करू लागले, आणि ती चांगली झोंबणारी असायची. कोण बरोबर, कोण चूक, यावर मोठी माणसं अजून वाद घालतात. घरी विचारून बघा, जेवण गार होईल!

आगरकरांना दम्यानं पोखरलं. १७ जून १८९५ रोजी ते गेले. चाळिशीही गाठली नव्हती. 'केसरी'त त्यांच्यावर लिहायचं काम टिळकांकडेच आलं. एरवी टिळक अग्रलेख कसा भराभर सांगत आणि लिहिणाऱ्याचा हात कसा दुखून येई! पण त्या दिवशी वाक्य पुढे सरकेना. शब्द सांगायचे, थांबायचे, डोळे पुसायचे. एवढासा लेख, पण तो पुरा व्हायला कितीतरी तास लागले, असं सांगतात.