खेळणाऱ्याचा नंबर शेवटी का?

पालकहो, मी अमेरिकेतले खेळ आवडीने बघते. तिथे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हाताने फेकायचा खेळ. आपल्या फुटबॉलला ते सॉकर म्हणतात. (वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात.)

त्यांचं कॉलेज फुटबॉल मात्र मला खटकतं. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजारांवर प्रेक्षक बसतात. मोठ्या संघांच्या प्रशिक्षकांना वर्षाला लाखो डॉलर पगार. आणि खेळणारी पोरं? शिष्यवृत्ती मिळायची, पण स्वतःच्या नावावर जाहिरात करून कमवायला २०२१ पर्यंत बंदी! कारण काय, तर ते ‘विद्यार्थी’. तिकिटं विकताना हे कुणाला आठवत नव्हतं. गुडघा मोडायचा तो मात्र त्या विद्यार्थ्याचाच.

मोटार शर्यतीत तरी वेगळं काय? २००१ मध्ये डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट गेले, तेव्हा कुठे त्या वर्षी डोकं-मान सांभाळणारं साधन सक्तीचं झालं.

सॉकरमध्ये अमेरिकेच्या मुलींनी चार विश्वचषक जिंकले, पुरुषांनी एकही नाही. तरी समान मानधनाचा करार व्हायला २०२२ उजाडलं, तोही मुली कोर्टात गेल्या म्हणून. त्या गेल्या, हे मला फार आवडलं.