बटाट्याच्या चकतीवर जात उगवते का?

पांढरपेशा शिक्षणतज्ज्ञांच्या तोंडी सध्या एकच मंत्र आहे : जीवशास्त्र 'नावीन्यपूर्ण पद्धतीनं' शिकवा. म्हणजे काय? फळ्याच्या जागी पडदा आणि थर्माकोलचं हृदय. घोकंपट्टी तीच, फक्त तिला वीज जोडली. मी म्हणतो, ही जुन्याच सोवळ्याला केलेली नवी इस्त्री आहे.

पोरगं स्वतःच्या हातानं तपासून मास्तरला, बापाला, भटाला "हे खोटं आहे" म्हणू शकेल, तेव्हाच पद्धत नवी. त्याला लाखाचा पडदा लागत नाही. उकडलेला बटाटा पुरतो.

आठवीच्या वर्गात तीन चकत्या घ्या. एकीवर जोशीचं बोट टेकवा, दुसरीवर कांबळेचं, तिसरीवर कुणाचंच नाही. झाकणं घट्ट लावा, पुन्हा उघडू नका. तीन-चार दिवसांनी बघा. ठिपके उगवले तर दोघांच्याही बोटांखाली उगवतील. साबणानं हात धुऊन पुन्हा करा. कमी झाले तर दोघांचेही होतील. विटाळ शोधायला बसलेल्या वर्गाला जीवाणू सापडतील, जात सापडणार नाही.

मग महाड काढा. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं! हा धडा इतिहासात कोंबून मास्तर मोकळे होतात. अरे, तो जीवशास्त्राचा धडा आहे! शेणातून पाण्यात कोणते जीवाणू जातात, विचारा की पोरांना. तळं बाटवलं कुणी, ते पोरंच सांगतील.

रक्ताचंही तेच. कार्ल लँडस्टायनरनं 1901 साली रक्तगट मांडले. ब्राह्मणाच्या बी गटाला महाराचा बी गट चालतो, पण सख्ख्या भावाचा ए गट चालत नाही. हे वाक्य फळ्यावर लिहायला कोणत्या मास्तरची छाती आहे?

आता गटारात उतरू या. पेशीतल्या तंतुकणिकेचं चित्र रंगवून पोरं मार्क मिळवतात. पण मॅनहोलमधला हायड्रोजन सल्फाइड त्याच तंतुकणिकेतलं श्वसन बंद पाडतो, हे कोण सांगतं? प्रमाण वाढलं की हा वायू नाकाची वास घ्यायची ताकदच मारतो. वास गेला, म्हणजे धोका गेला असं उतरलेल्या माणसाला वाटतं आणि तो तिथंच पडतो. हातानं मैला साफ करून घ्यायला 2013च्या कायद्यानं बंदी आहे. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना 2014 साली सुप्रीम कोर्टानं 10 लाख ठरवले, 2023 साली 30 लाख केले. मरणाचा भाव वाढला, मरण थांबलं नाही. आणि पुस्तकातल्या 'श्वसन' या धड्यात आपला माणूस कुठंच नाही!

कुणी म्हणेल, हे बोलायला ठीक, करणार कोण? केलंय. मध्य प्रदेशात होशंगाबादला 1972 साली 16 शाळांत सुरुवात झाली. सहावी ते आठवीची खेड्यातली पोरं स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकली, परीक्षेला वही-पुस्तक उघडं ठेवून बसली. ते काम शेकडो शाळांत पसरलं. 2002 साली सरकारनं बंद केलं. प्रश्न विचारणारं पोरगं कुठल्याच सरकारला परवडत नाही. 2023 साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीही गेली. साहजिक आहे. सगळ्यांचा पूर्वज एक निघाला तर ब्रह्मदेवाच्या मुखातून आणि पायातून जन्मलेल्यांचं काय करायचं?

म्हणून शाळेची वाट बघत बसू नका. तुमच्यातले जे बी.एस्सी. झालेत, त्यांनी पदवी भिंतीवर टांगून नोकरीच्या रांगेत नुसतं झुरू नये. रविवारी वस्तीतल्या विहारात पोरं गोळा करा. भिंग घ्या, बटाटे घ्या, नळाचं आणि गटाराशेजारच्या हापशाचं पाणी घ्या. उत्तर सांगू नका. पोरांना बघू द्या, लिहू द्या, भांडू द्या. आणि सोमवारी तीच वही घेऊन त्यांना वर्गात मास्तरपुढं उभं राहू द्या.

जय भीम!